घरी टायमिंग बेल्ट बदलायचा तर: खुणा आधी, पाने नंतर

टायमिंग बेल्ट बदलणं म्हणजे ताकदीचं काम, असा बऱ्याच जणांचा समज असतो. क्रँक पुलीचा एक बोल्ट वगळला तर यात जोर लावण्यासारखं फारसं काही नाही. दिवसातला बहुतेक वेळ आडवे येणारे भाग काढण्यात आणि परत बसवण्यात जातो, आणि तेवढं काम नीट पाना धरता येणाऱ्या कुणालाही जमतं. जोखीम आहे ती मधल्या थोड्या वेळात. जुना बेल्ट निघालेला असतो, नवा अजून बसलेला नसतो, आणि क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो) व कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा) यांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काहीच उरलेलं नसतं. तेवढ्या वेळात दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही, तर बाकीच्या चुका पुन्हा खोलून दुरुस्त करता येतात.

हा बेल्ट नक्की करतो काय? चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणून कॅमच्या पुलीवर क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दाते असतात. क्रँकवर २० दाते आहेत असं धरा. बेल्ट एका दात्याने चुकला की व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ क्रँकच्या हिशोबाने १८ अंश पुढे किंवा मागे जाते. एवढ्यानं इंजिन कदाचित चालेल, पण थरथरत आणि ओढ न घेता. दोन-तीन दाते चुकले तर काय होईल हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून आहे. बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो ती जागा आणि व्हॉल्व्ह उघडून खाली येतो ती जागा एकच असते, फक्त दोघांची वेळ वेगळी. अशा इंजिनाला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. त्यात वेळ चुकली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि सिलिंडर हेड उतरवावं लागतं. तुमचं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे ते आधी शोधा. कळलं नाही तर ते इंटरफिअरन्सच आहे असं धरून चाला.

आधी ठरवा: हे काम तुमच्यासाठी आहे का

पहिला प्रश्न अगदी साधा आहे, गाडीत टायमिंग बेल्ट आहे का? अनेक इंजिनांत त्याजागी चेन असते आणि ती ठरावीक किलोमीटरवर बदलायची नसते. काही इंजिनांत बेल्ट असतो, पण तो इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टच्या आणि प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेकच्या सुरुवातीच्या आवृत्त्या अशा आहेत. ऑइलमधल्या बेल्टचं काम वेगळं आणि जास्त किचकट असतं. पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी अडचण क्रँकच्या पुलीची. जुन्या आणि साध्या रचनेत ही पुली चावीवर बसते, म्हणजे शाफ्टच्या खाचेतला छोटा लोखंडी तुकडा तिला जागच्या जागी धरून ठेवतो. काही इंजिनांत अशी चावीच नसते. पुली केवळ मधल्या बोल्टच्या दाबावर टिकून असते आणि बोल्ट ढिला झाला की ती शाफ्टवर मोकळी फिरते. तिथे त्या इंजिनासाठी बनवलेली लॉकिंग टूल्स नसतील तर बोल्टला हातही लावू नये. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट दिलेलं असतं.

मॅन्युअलबद्दल माझं मत पक्कं आहे: आपल्या इंजिनाच्या कोडचं मॅन्युअल हातात नसेल तर काम सुरू करू नये. गाडीचं मॉडेल तेच असलं तरी आतलं इंजिन वेगळं असू शकतं. व्हिडिओ जरूर बघा, पण खुणा कुठे आहेत, कोणता बोल्ट किती टॉर्कला (पिळाच्या जोराला) कसायचा आणि टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) कोणत्या दिशेला फिरवायचा, या तीन गोष्टी मॅन्युअलमधूनच घ्या.

बदलायची वेळ कधी येते? कंपनीनुसार साधारण ६०,००० ते १,६०,००० किलोमीटर, किंवा पाच ते दहा वर्षं, यांतलं जे आधी होईल ते. कमी चाललेल्या गाडीचे मालक वर्षांकडे हमखास दुर्लक्ष करतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. आणि बेल्ट नुसता बघून त्याचा भरवसा धरू नका. भेगा दिसल्या, कडा उसवल्या, तेल लागलेलं दिसलं तर तो बदलायचाच, पण वरून ठणठणीत दिसणारा बेल्टही आतून थकलेला असू शकतो.

सामान

नुसता बेल्ट आणू नका, पूर्ण किट आणा. त्यात बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) असतात. तुमच्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर पंपासकटचं किट घ्या. हे सगळे भाग एकाच बेल्टवर तितकेच किलोमीटर फिरलेले असतात. नवा बेल्ट लावल्यावर जुन्या टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही त्याच्याबरोबर जातो. गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, आयना, एसकेएफ, आयसिन ही या कामातली नेहमीची नावं. नकली मालही याच नावांनी विकला जातो, त्यामुळे दुकान विश्वासाचं हवं. क्रँक पुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर तोही नवा घ्या. कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच आणा.

हत्यारांत सॉकेट सेट, लांब एक्स्टेन्शन, अ‍ॅलन आणि टॉर्क्स बिट, लांब दांड्याचा ब्रेकर बार आणि टॉर्क रेंच लागतो. टॉर्क रेंच शक्यतो दोन असावेत, एक लहान आणि एक मोठा. पंपाच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, तर क्रँक पुलीचा बोल्ट अनेकदा १०० च्या पुढे आणि काही इंजिनांत २०० च्याही वर जातो. एकच रेंच दोन्हीकडे चालत नाही. मोठ्या रेंचने छोटा बोल्ट कसायला गेलात तर अ‍ॅल्युमिनियममधले आटे उपटून हातात येतील. याशिवाय जॅक, दोन अ‍ॅक्सल स्टँड, लाकडाचा ठोकळा, पांढरा पेंट मार्कर, कूलंट धरायला पसरट भांडं आणि भरपूर चिंध्या. कॅम आणि क्रँक धरून ठेवणारं लॉकिंग टूल मॅन्युअल मागत असेल तर ते टाळू नका. अशी टूल्स भाड्यानेही मिळतात.

वेळेचंही बघा. पहिल्या खेपेला पूर्ण दिवस धरा, आणि गरज पडली तर गाडी रात्रभर उघडी राहू शकेल अशी जागा निवडा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हवीच असेल तर आदल्या दिवशी हे काम काढू नका. बेल्टच्या कामात घाई नेमकी शेवटच्या टप्प्यात होते, आणि तोच टप्पा सगळ्यात नाजूक.

उघडताना

इंजिन पूर्ण थंड हवं, एक रात्र उभं राहिलेलं असेल तर उत्तम. जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ज्या बाजूला बेल्ट आहे त्या पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मग जॅक लावून गाडी उचला आणि कंपनीने सांगितलेल्या जागी स्टँडवर टेकवा. गाडीचा भार जॅकवर राहता कामा नये. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

चाक आणि त्यामागचं प्लास्टिकचं आवरण काढलं की क्रँक पुली दिसते. आता बाहेरचा फॅन बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा, काढा. काढण्याआधी तो कोणत्या पुलीवरून कसा गेलाय त्याचा फोटो घ्या. पुढे प्रत्येक भाग काढण्याआधी एक फोटो, हा नियमच करा. बोल्ट एका डब्यात गोळा करू नका. पुठ्ठ्यावर इंजिनाचं कच्चं चित्र काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. कव्हरच्या बोल्टांची लांबी सहसा सारखी नसते, आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला की मागच्या भागाला टोचतो.

आडव्या बसवलेल्या इंजिनात बेल्टच्या बाजूचं इंजिन माउंट बहुधा वाटेत येतं. ते काढण्याआधी ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक हलकेच टेकवा. इंजिन उचलायचं नाही, फक्त खाली बसू द्यायचं नाही. वरचं कव्हरही आत्ताच काढा, म्हणजे कॅमच्या पुल्या दिसतील.

आता तो हट्टी बोल्ट. क्रँक पुलीचा बोल्ट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून पुली धरायचं टूल वापरा. ते नसेल आणि गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर गाडी सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाका आणि एकाला ब्रेक घट्ट दाबून बसवा. ब्रेकर बार कशावर तरी अडवून स्टार्टर मारायची एक युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नका. बार निसटला तर कुठे जाईल याचा नेम नसतो. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी: टायमिंगच्या लॉक पिन बोल्ट सोडवताना क्रँक धरण्यासाठी नसतात. त्यांच्यावर जोर दिला तर त्या वाकतात, किंवा इंजिनाचं कास्टिंग फोडतात. बोल्ट आत्ता फक्त ढिला करा, काढू नका.

खुणा

स्पार्क प्लग काढून ठेवा. सिलिंडरमधला दाब गेल्यामुळे क्रँक हाताने सहज फिरतो. आता क्रँक इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने बघितल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण होंडाची बरीच जुनी इंजिनं उलटी फिरतात, तेव्हा मॅन्युअल बघून खात्री करा. क्रँकवरची खूण ब्लॉकवरच्या खुणेसमोर आली, म्हणजे पहिला पिस्टन वर आला. आता कॅमच्या खुणा बघा. त्या जुळत नसतील तर घाबरू नका. क्रँकची खूण दर फेरीला जुळते, कॅमची मात्र दोन फेऱ्यांतून एकदा. क्रँक अजून एक पूर्ण फेरी फिरवा, सगळ्या जुळतील. डिझेल इंजिनात फ्युएल पंपही याच बेल्टवर असू शकतो, मग त्याचीही खूण जुळायला हवी.

काही इंजिनांत क्रँकची खूण बाहेरच्या पुलीवर असते आणि दुसरी आतल्या दातेरी पुलीवर. बाहेरची पुली काढली की पहिली खूण तिच्यासोबत जाते. त्यामुळे बोल्ट काढून पुली आणि खालचं कव्हर उतरवल्यावर आतल्या खुणा पुन्हा एकदा तपासा. बोल्ट सोडवताना क्रँक थोडा हलला असेल तर तेही इथेच कळतं.

आता पेंट मार्कर घ्या. प्रत्येक दातेरी पुलीच्या एका दात्यावर आणि त्याला चिकटलेल्या बेल्टवर एकाच रेषेत खूण करा. त्याच पुलीवरून मागच्या ब्लॉकवर किंवा हेडवरही एक रेष ओढा. कंपनीच्या खुणा पुसट असतात, कधी तेलाखाली लपलेल्या असतात. तुमच्या पांढऱ्या रेषा चटकन दिसतात. मग जुन्या बेल्टवर दोन खुणांमधले दाते मोजून कागदावर लिहा. याला दहा मिनिटं लागतात, पण नंतर शंका आली तर दाखला म्हणून हाच कागद कामी येतो. अर्थात कंपनीची खूण आणि तुमची रेष यांत फरक दिसला तर कंपनीची खरी माना. आधीच्या माणसाने बेल्ट चुकीचा बसवलेला असू शकतो.

वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्या, लॉकिंग टूल लावा आणि मगच टेन्शनर ढिला करून बेल्ट काढा. दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब कॅमवर असतो, आणि बेल्ट सुटताच एखादा कॅम खट्कन फिरू शकतो. कॅम धरणारं टूल त्यासाठीच असतं. बेल्ट नसताना क्रँक किंवा कॅम फिरवायचा नाही.

बेल्ट नसताना करायची कामं

कूलंट काढा, जुना पंप उतरवा. जुन्या गॅस्केटचा कचरा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. धातूच्या पात्याने ओरखडे पडले तर नवा पंपही गळेल. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, त्याची गोडसर चव जनावरांना ओढते आणि ते विषारी असतं. नवा पंप बसवल्यावर बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने कसा.

क्रँक आणि कॅमच्या पुल्यांमागे ऑइल सील असतात. तिथे ओल दिसली तर सील आत्ताच बदला, कारण तेल लागलेला बेल्ट फार टिकत नाही. सगळं कोरडं असेल तर नवख्याने सीलच्या नादी लागू नये, असं मला वाटतं. सील उचकटताना शाफ्टवर चरा पडला तर जी गळती नव्हती तीही सुरू होईल. सगळे जण हे मान्य करणार नाहीत.

नवा टेन्शनर आणि आयडलर बसवा. जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून रुंदी, दात्यांची संख्या आणि दात्यांचा आकार ताडून बघा. नवा बेल्ट दुमडू नका, पिळू नका, आतली बाजू बाहेर करू नका. आतले धागे काचतंतूंचे असतात. घडी पडली की ते तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तेलकट हातांनी त्याला स्पर्शही नको.

बसवणं

बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला ठेवा. क्रँकपासून सुरुवात करा आणि टेन्शनर ज्या बाजूला नाही त्या बाजूने वर जा. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात ही उजवी बाजू. क्रँक, आयडलर, कॅम, असेल तर दुसरा कॅम, मग पंप आणि शेवटी टेन्शनर. जाताना बेल्ट हाताने ताणलेला ठेवा. सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूलाच यायला हवा. उजव्या बाजूला थोडीशी ढील राहिली तर ताण देताना कॅम ओढला जातो आणि एका दात्याची चूक होते. नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक हीच. शेवटच्या पुलीवर बेल्ट चढत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. टेन्शनर पूर्ण मागे घेतलाय का ते बघा.

टेन्शनरचे ढोबळ तीन प्रकार आहेत. स्प्रिंगवाल्या जुन्या प्रकारात नट ढिला केला की स्प्रिंग स्वतः ताण देते, मग नट कसायचा. काट्यावाल्या प्रकारात अ‍ॅलन कीने मधला भाग फिरवत काटा खाचेसमोर आणायचा आणि तो तिथेच धरून नट कसायचा. इथे फिरवायची दिशा चुकली तरी काटा जुळलेला दिसू शकतो, पण टेन्शनर उलट्या बाजूने बसतो, म्हणून मॅन्युअलचं चित्र समोर ठेवा. हायड्रॉलिक टेन्शनर दाबून पिन घातलेल्या अवस्थेत येतो, बेल्ट चढल्यावर पिन ओढायची. जुना हायड्रॉलिक परत वापरणार असाल तर तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबा.

आता लॉकिंग टूल काढा, सगळी, एकही विसरू नका. क्रँक हाताने, योग्य दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. मध्येच कडक, धातूला धातू लागल्यासारखं अडलं तर तिथेच थांबा. जोर लावू नका. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना टेकलेत, मागे फिरून काम पुन्हा तपासा. स्प्रिंगसारखा मऊ प्रतिकार कॅममुळे असतो, त्याची काळजी नको.

दोन फेऱ्यांनंतर पुल्यांवरच्या सगळ्या खुणा पुन्हा जुळायला हव्यात. नव्या बेल्टवर रेषा केल्या असतील तर त्या मात्र जुळणार नाहीत, आणि इथे पुष्कळ जण हबकतात. बेल्टच्या दात्यांचा आणि पुलीच्या दात्यांचा हिशोब वेगळा असल्यामुळे बेल्टवरची रेष परत त्याच जागी यायला कितीतरी फेऱ्या लागतात. बघायच्या त्या पुली आणि ब्लॉकवरच्या खुणा. लॉकिंग टूल परत सहज बसतंय का तेही पाहा, काट्याची जागा पुन्हा तपासा. अर्ध्या दात्याइतका फरक दिसला तर तो डोळ्याचा भास आहे असं मानून पुढे जाऊ नका, एकदा सरळ समोरून बघा. तरी शंका उरली तर बेल्ट काढून पुन्हा बसवा. आत्ता बाकीचं सगळं उघडं आहे, त्यामुळे फार तर अर्धा तास जाईल.

बंद करणं आणि सुरू करणं

यापुढे उघडलं त्याच्या उलट क्रमाने जायचं. खालचं कव्हर, मग क्रँक पुली. तिचा बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला कसा. अनेक इंजिनांत आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंश असं असतं, त्यासाठी पुलीवर पेंटची रेष मारली की अंश मोजता येतात. माउंट बसेपर्यंत इंजिनाखालचा जॅक काढू नका. प्लग, फॅन बेल्ट, चाक, बॅटरी. चाकाचे नट गाडी खाली आल्यावर टॉर्क रेंचने कसा.

कूलंट भरा, मॅन्युअलमध्ये हवा काढायची जी पद्धत असेल तसं करा. इंजिन सुरू केल्यावर हीटर गरमवर ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर असू द्या. आवाज ऐका. शिट्टीसारखी घरघर वेग वाढवल्यावर वाढत असेल तर बेल्ट जास्त ताणलेला असू शकतो. कव्हरला फटके बसल्यासारखा आवाज आला तर तो ढिला आहे, लगेच बंद करा. इंजिन थरथरतंय, ओढ कमी आहे, इंजिनाचा दिवा लागलाय आणि स्कॅनरवर पी००१६ हा कोड दिसतोय, तर कॅम आणि क्रँकचा मेळ बसलेला नाही. गाडी तशीच चालवू नका, कव्हर उघडून खुणा बघा.

पहिली चक्कर जवळपासच मारा. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या, कूलंटची पातळी बघा, पंपाच्या खाली ओल आहे का ते टॉर्चने पाहा. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर एका स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. गाडी पुढे कुणाच्याही हातात गेली तरी त्याला ते कळेल.